खुर्ची मोकळी करणारा माणूस

दिनांक ९ सप्टेंबर २०१६, शुक्रवार. सकाळी साडेदहा वाजता दूरचित्रवाणी केंद्राने आपल्याच एका निवृत्त कर्मचाऱ्याची थेट मुलाखत सुरू केली आणि चाळीस सेकंदांत गुंडाळली. पुढे तेवढाच तुकडा 'गमतीजमती' म्हणून सात वेळा दाखवला. तक्रार त्याबद्दल आहे. पण हसणाऱ्यांना तो माणूस ठाऊक नाही, म्हणून आधी त्याच्याविषयी.

केंद्रात त्यांना खुर्चीकाका म्हणत. पाहुणा येण्यापूर्वी त्याच्या खुर्चीवर बसायचे आणि दिव्यांचा उजेड जुळेपर्यंत हलायचे नाही, हे त्यांचे काम. एकोणतीस वर्षे त्यांनी ते केले. कॅमेरामन भिंगाला लावलेला डोळा न काढताच "झालं" म्हणे. काका उठत, रुमालाने खुर्ची पुसत आणि बाजूला होऊन पाहुण्याला हाताने 'बसा' अशी खूण करत.

तेवढ्या वेळात ते पाहुण्याला शहाणे करून सोडत. कोटाची मागची बाजू खाली ओढून तिच्यावर बसा, म्हणजे खांदे फुगत नाहीत. बारीक चौकड्यांचा सदरा पडद्यावर थरथरतो. कपाटात साधा निळा आहे, तो घाला. भिंगाकडे नको, विचारणाऱ्याकडे पाहा. येत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणा. हात थरथरणाऱ्या एका शल्यविशारदाच्या मुठीत त्यांनी कपाटाची किल्ली ठेवली होती. "एवढी सांभाळा, डॉक्टर. हरवलीत तर उद्याचा पाहुणा उघडा बसेल." डॉक्टर हसले आणि हात थांबला.

संध्याकाळी घरी पाऊल टाकताच बायको विचारी, "आज कोण होतात?"

"न्यायाधीश."

"मग निकाल द्या, भाजी कोण आणणार?"

भाजी तेच आणत. एकदा मात्र ती पिशवी हातात देताना म्हणाली, "स्वतः म्हणून कधी बसणार हो तिथं?" काका पिशवी घेऊन बाजारात गेले. प्रश्न मात्र मनात घर करून राहिला.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी केंद्राचे बोलावणे आले. काकांनी निळा सदरा स्वतः इस्त्री केला. सांगायच्या तीन गोष्टी बायकोला आठवडाभर ऐकवल्या. शेवटी तिलाच त्या पाठ झाल्या. शुक्रवारी ती बहिणीला घेऊन दूरदर्शन संचासमोर बसली.

स्टुडिओत आता उजेडासाठी आधी कुणी बसत नव्हते. दिवे पाहुण्यावरच जुळवत. कॅमेरामन मात्र जुनाच होता. लाल दिवा लागला, निवेदिकेने ओळख करून दिली, आणि चौकट मनासारखी जमताच कॅमेरामन सवयीने पुटपुटला, "झालं."

काका उठले. रुमाल काढून खुर्ची पुसली, बाजूला झाले आणि रिकाम्या हवेला हाताने 'बसा' म्हणाले. निवेदिकेला हसू आवरेना. जाहिराती सुरू झाल्या.

घरी मेहुणी पोट धरून हसत होती. बायकोने संच बंद केला. काका परतले तेव्हा त्यांच्याकडे न पाहता ती म्हणाली, "बसला होतात मात्र छान."

"उजेड बरोबर होता ना?" काकांनी विचारले.

वाचकहो, केंद्राला आजच पत्र लिहा. तो तुकडा दाखवणे थांबवा, काकांना पुन्हा बोलवा, आणि त्याआधी उजेडासाठी त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा.