प्रणिताचा उजवा डोळा

स्लिट लॅम्पमधून आधी पिवळे कण दिसले आणि मग सुरकुत्या. स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून बसायचं ते यंत्र. त्यातून उजेडाची बारीक फट टाकून आम्ही डोळा मोठा करून पाहतो. समोर प्रणिता बसली होती. दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले. पुढे वाकताना गळ्यातलं नवं मंगळसूत्र यंत्रावर आपटलं.

"हे पिवळं काय आहे?" मी विचारलं.

"हळद, मॅडम."

"कधीची?"

"शुक्रवारची. शनिवारी लग्न झालं माझं."

त्या दिवशी सोमवार होता. तिच्या डोळ्यांचं लेसर ऑपरेशन मी केलं त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. आणि माझ्या माहितीप्रमाणे तिचं लग्न मे महिन्यात होतं.

ही गोष्ट २००० सालाच्या आसपासची. वसईत माझं डोळ्यांचं क्लिनिक होतं, आजही आहे. मायोपिया, म्हणजे लांबचं नीट न दिसणं, लेसरने घालवता येतं हे तेव्हा आमच्याकडे नवं होतं. मशीन इतकं महाग की लहान क्लिनिकने घ्यायचा प्रश्नच नव्हता. बोरिवलीच्या एका सेंटरमध्ये मशीन होतं, ते आमच्यासारखे डॉक्टर भाड्याने वापरायचे. मी महिन्यातला एक शनिवार घेऊन ठेवायचे. वसई-विरारचे चार-पाच पेशंट एकत्र करायचे, सुमो ठरवायची, सगळ्यांना न्यायचं, ऑपरेशनं करायची, संध्याकाळी परत आणायचं. आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या माझ्या क्लिनिकमध्ये.

प्रणिता वटारची. वडिलांची वाडी, केळी आणि सोनचाफा. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ही विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर मायक्रोस्कोपवर. नंबर उणे साडेसहा. पहिल्यांदा भाऊंबरोबर आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"लग्न ठरलंय आणि सासरच्यांना चष्मा नकोय, असं आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांग."

"नाही हो. तो स्वतःच चष्मेवाला आहे."

"मग?"

"ताईने लग्नात फोटोसाठी चष्मा काढून ठेवला होता. तिला स्वतःचं लग्न दिसलंच नाही, मॅडम. नमस्कार करताना समोर कोण आहे ते आई तिच्या कानात सांगत होती. मला माझं लग्न बघायचंय."

"बघ की," भाऊ म्हणाले. "आम्ही काय झाकून ठेवणार आहोत?"

"आणि लेन्स?" मी विचारलं.

"घालून पाहिल्या. टोचतात. आणि घातल्या तरी रात्रीच्या काढाव्याच लागतात ना. मला सकाळी डोळे उघडल्या उघडल्या दिसायला हवंय."

ऑपरेशन दोन प्रकारे करता यायचं, ते मी दोघांना कागदावर चित्र काढून समजावलं. पहिल्या प्रकारात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची सगळ्यात वरची नाजूक त्वचा खरवडून काढायची आणि तिथेच लेसर द्यायचा. डोळा काही दिवस ठणकतो. नजर साफ व्हायला कित्येक आठवडे जातात. पण एकदा भरून आला की पडदा एकसंध राहतो. दुसरा प्रकार लेसिक. यात सुताराच्या रंध्यासारख्या एका बारीक यंत्राने पडद्याचा पातळ पापुद्रा कापायचा. पूर्ण सुटा करायचा नाही, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. याला आम्ही फ्लॅप म्हणतो. फ्लॅप उलटायचा, खाली लेसर द्यायचा, फ्लॅप परत जागेवर ठेवायचा. टाका नाही, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं. मात्र फ्लॅप नुसता बसलेला असतो. त्याची कड लवकर बंद होते, आतली पकड यायला फार काळ लागतो. तोवर जोरात बोट लागलं तर तो सरकू शकतो.

पोलीस भरतीची किंवा कबड्डी खेळणारी मुलं आली की मी पहिला प्रकार सुचवायचे. प्रणिताला लॅबमध्ये लवकर रुजू व्हायचं होतं आणि लग्नाला तीन महिने होते. तिच्यासाठी लेसिक योग्य होतं. आजही कोणी तीच माहिती समोर ठेवली तर मी तेच सांगेन.

ऑपरेशन सरळ झालं. दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यावरची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, माडाची एकेक पात वेगळी दिसते."

"दिसणारच. माड तसाच असतो."

"मला वाटायचं वर हिरवा गोळा असतो."

आठवड्याच्या तपासणीला ती आली नाही. भाऊंचा फोन आला. घरात जरा गडबड आहे, पुढच्या आठवड्यात आणतो, डोळे उत्तम आहेत. आम्ही पुढची तारीख दिली.

गडबड म्हणजे काय ते मला त्या सोमवारी कळलं. प्रणिताच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते गेले असते तर घरात वर्षभर शुभकार्य झालं नसतं, आणि त्यांना तर नातीचं लग्न बघायचं होतं. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून सगळ्यात जवळचा मुहूर्त धरला. आठ दिवसांत लग्न. यात कोणाचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हळद. आमच्या पट्ट्यात हळद म्हणजे कपाळाला बोट लावून मोकळं होण्याचा प्रकार नाही. बेंजो वाजतो, बायका नाचतात, नवरीला पार माखून काढतात. प्रणिता सगळ्यांना सांगत होती, डोळ्यांना नको, डोळ्यांना नको. तिने काजळसुद्धा घालू दिलं नव्हतं. नलूआत्या शेवटी आल्या. भावाची मुलगी, अंगाखांद्यावर वाढवलेली. त्यांनी दोन्ही तळव्यांनी तिचा चेहरा धरला आणि तळवे गालांवरून वर नेले. अंगठा उजव्या डोळ्यात गेला.

"मग लगेच का नाही आलात?" मी विचारलं. आवाज चढला होता, ते मला कळत होतं.

"आत्या म्हणाली, हळद लागलेली पोर उंबरठा ओलांडत नाही," प्रणिता म्हणाली. "गुलाबपाणी घातलं. डोळा लाल झाला होता, पण कोणाला काही वाटलं नाही. नवरीचे डोळे लालच असतात ना. सगळे म्हणाले, रडतेय."

"अहो, पण मला फोन करायचा! मी आले असते घरी. वसईहून वटार काय लांब आहे?"

भाऊ आणि जावई दोघेही बरोबर आले होते. प्रणिताचा नवरा हेमंत भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता. मग भाऊ म्हणाले, "फोन हातात घेतला होता, मॅडम. परत ठेवला."

"का?"

"तुम्हाला पत्रिका दिली नव्हती. घाईत राहूनच गेलं. तुम्ही पोरीचं एवढं केलंत आणि आम्ही लग्नाला बोलावलं नाही. भर मांडवात तुम्हाला आणायचं म्हणजे... कोणत्या तोंडाने फोन करायचा?"

मी बोरिवलीच्या सेंटरला फोन लावला.

त्याच दुपारी आम्ही बोरिवली गाठली. मी फ्लॅप उचलला, खालचे हळदीचे कण धुऊन काढले, सुरकुत्या ओल्या स्पंजने पुन्हा पुन्हा सारख्या केल्या, आणि फ्लॅप ताणून बारीक टाके घातले. सरकलेला फ्लॅप पहिल्या दिवशी हाती लागला तर बहुतेक वेळा नीट बसतो. दिवस गेले की घड्या पक्क्या होतात. कांजी केलेली साडी चुकीच्या घडीवर बराच काळ ठेवली की इस्त्रीनेही ती रेघ जात नाही, तसं. शिवाय हळदीमुळे आत सूज आली होती. औषधांनी सूज उतरली, पण फ्लॅपची कड एका जागी विरघळली होती.

पुढच्या महिन्यांत मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. मुंबईतल्या दोन मोठ्या डॉक्टरांना तिला दाखवलं. डावा डोळा उत्तम राहिला. उजव्याने अक्षरं दिसतात, पण प्रत्येक अक्षराला सावली. नंबर म्हणावा तर जवळजवळ काहीच नाही. चष्मा काम करत नाही, कारण चष्मा सरळ पडद्यासाठी बनतो, आणि हिचा पडदा उंचसखल झाला होता. एकच उपाय थोडा चालतो, कडक कॉन्टॅक्ट लेन्स. ती टोचते. ऑपरेशनआधी तिला लेन्स का नको होती, ते मला आणि तिला दोघींना आठवत होतं.

मायक्रोस्कोपला ती डावा डोळा लावायला शिकली. पण दिवसभर एकाच डोळ्याने बघून डोकं दुखायचं. वर्षभराने लॅबने तिला रक्त घ्यायच्या टेबलावर बसवलं. आजोबा लग्नानंतर चौथ्या दिवशी गेले.

एकदा लेन्स बदलायला आली असताना मी न राहवून विचारलं, "लग्न दिसलं का गं?"

"दिसलं की. अंतरपाट खाली झाला तर समोर दोन हेमंत. एक जरा पुसट. मी मधोमध हार घातला." ती हसली. मग म्हणाली, "पण आजोबा दिसले, मॅडम. खाटेसकट मांडवात आणलं होतं त्यांना. डावा डोळा होता ना."

जाताना दारात थांबली. "आत्याला सांगू नका हं. तिला वाटतं ऑपरेशनच बिघडलं. तसंच राहू दे."

काही वर्षांनी नलूआत्या स्वतः मोतीबिंदूसाठी आल्या. तपासणी झाल्यावर उठेनात.

"डॉक्टरीणबाई, माझ्या डोळ्याचं आमच्या प्रणितासारखं नाही ना व्हायचं?"

"नाही. हे ऑपरेशन वेगळं आहे."

"तिचं काय बिघडलं होतं हो नक्की? पोर काही बोलत नाही. तुमच्या हातून झालं की त्या मशीनने केलं?"

"भरून येताना घडी पडली," मी म्हणाले. ते खरं होतं.

"एवढं शिकून असं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी तुमच्याकडेच करून घेणार. माणसाच्या हातून होतं कधीतरी." आणि माझ्या हातावर थोपटून बाहेर गेल्या. त्यांचं ऑपरेशन छान झालं.

सुईच्या टोकाएवढ्या जागेत काम करायचं तंत्र आम्हाला वर्षानुवर्षं शिकवतात. नवी मशीनं आली, फ्लॅप आता लेसरनेच कापता येतो. पण पेशंटने फोन उचलून परत ठेवला, तर त्यावर कुठलं मशीन नाही. म्हणून आता लग्नाच्या वयाचा पेशंट आला की मी त्याच्या आईवडिलांना समोर बसवून बजावते, लग्नाला मला बोलावू नका, फक्त हळद कधी आहे ते कळवा. लोक हसतात, आणि न चुकता पत्रिका आणून देतात.