तायडे सरांना सिनेमा सांगताना

तायडे सर सिनेमाला गेले की सगळ्यात मागच्या रांगेतली, भिंतीलगतची खुर्ची घेत. विशीतच त्यांची नजर गेली होती. पडदा कुठून कसा दिसतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मागे भिंतीशी बसलं की आपल्या कुजबुजीचा लोकांना त्रास कमी, एवढाच त्यांचा हिशेब. सोबतच्या माणसाला ते पॉपकॉर्नही घेऊ देत नसत. "तुह्या चावण्यात माहा अर्धा सिनेमा जाते," म्हणत.

मी हिवरखेडहून अकोल्याला बी.ए.साठी आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर इतिहास शिकवायचे. प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करावं इथपासून त्यांनी मला शिकवलं. आज मी नोकरीत आहे ती त्यांच्यामुळे. पुढे गुडघ्यांमुळे मंदाकाकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, थिएटरच्या पायऱ्या चढवेनात. तेव्हा शेजारी बसून सिनेमा सांगायचं काम माझ्याकडे आलं.

काम सोपं नव्हतं. पडद्यावर नायक-नायिका जवळ आले की माझी जीभच उचलत नसे.

"आता काय चालू आहे?" एकदा सरांनी विचारलं.

"बोलून राहिले, सर."

"बोलून राहिले तं आवाज कावून नाही?"

"हळू बोलून राहिले."

सर एवढ्या जोरात हसले की पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला. "काका, सिनेमा पाहाले आले का गप्पा माराले?"

"पाहालेच आलो ना बाप्पा. ही तं लाजून राहिली. तूच सांग, काय करून राहिले ते दोघं?"

त्या माणसाने घाईने तोंड पुढे वळवलं.

बाहेर आल्यावर मात्र सर हसले नाहीत. "पोरी, तुह्यावर राग नाही माहा. पण तुले लाज आली का माहा सिनेमा कापला जाते, अन् रडू आलं का बंदच पडते. सगळ्याइले जेवढा दाखवता, तेवढा मले ऐकवा. बस."

तसं ऐकवता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा आवाज वेगळा तयार करतात. तो इअरफोनमध्ये ऐकू येतो, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी संवाद पडद्यावर लिहून येतात. या दोन्ही सोयी मागत सर एकेका थिएटरच्या मॅनेजरकडे गेले. सगळे अदबीने बसवत, चहा पाजत आणि म्हणत, "सर, तुमाले तिकीटच नाही. कधीबी या."

"फुकट नोको," सर चिडत. "तिकिटाचे पैसे घे अन् सिनेमा दे."

शेवटी अमरावतीच्या एका थिएटरात 'खास खेळ' ठरला. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. अंध शाळेची आणि कर्णबधिर शाळेची मुलं रांगेत येऊन बसली होती. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, मग प्रत्येक पाहुण्याचं भाषण. सरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मग सिनेमा सुरू झाला. त्यात वर्णन नव्हतं आणि पडद्यावर एक अक्षर नव्हतं. मी धावत संयोजकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, या मुलांसाठी आपण मुद्दाम आवाज फुल ठेवला आहे."

कर्णबधिर शाळेच्या बाई पडद्यापुढे जाऊन खुणांनी गोष्ट सांगू लागल्या, तर फोटोग्राफर ओरडला, "बाई, बाजूले व्हा, फोटोत येऊन राहिल्या तुमी!" भाषणांत वेळ गेलेला. दुपारचा नेहमीचा खेळ लागायचा होता, म्हणून सिनेमा मध्येच थांबवला. सरांनी शालीची घडी घातली आणि ती खुर्चीवर ठेवली. "सत्कार पुरा झाला, सिनेमा अर्धा," म्हणाले.

त्यानंतर त्यांची तब्येत ढासळली. अशातच एका नव्या सिनेमाचं वर्णन फोनवरच्या ॲपमध्ये आल्याचं कळलं. थिएटरमधला आवाज ऐकून ते ॲप बरोबर जागा पकडतं आणि इअरफोनमध्ये बोलू लागतं. सिनेमा अकोल्यात लागला. सर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खुर्चीत बसल्यावर मला म्हणाले, "आज तू तुहा पाह्य. मी माहा पाह्यतो."

थोड्या वेळाने पडद्यावर एका शब्दाशिवाय एक गंमत घडली. सगळं थिएटर हसलं, आणि सरही हसले. त्याच क्षणी. मी काही न सांगता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात टॉर्चचा झोत आला. सरांच्या मांडीवरचा फोन चालू पाहून कर्मचाऱ्याला वाटलं, सिनेमा चोरून रेकॉर्ड करताहेत. मॅनेजर आले. मी ॲप दाखवलं, इअरफोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही. "नियम आहे, मॅडम. फोन बंद करावा लागेल. तुमी सांगता ना यांना दरवेळी, तसं सांगा."

सर उठले. मी त्यांना हात धरून बाहेर आणलं. लॉबीतल्या बाकावर ते बराच वेळ इअरफोन कानात घालून बसले.

"काय ऐकून राहिले सर?"

"काहीच नाही. आतला आवाज येत नाही तं हा बी मुका."

पुढे ते दवाखान्यात होते तेव्हा तो सिनेमा अजून चालू होता. मी म्हटलं, "सर, मी पाहून येऊ का? सगळं सांगीन. काहीच गाळणार नाही."

त्यांनी उशीवरच मान हलवली. "सांगशील तू चांगलं. पण मले तो पाह्यचा आहे."

आठवडाभरात सर गेले. त्या सिनेमाचा उरलेला भाग मीही पाहिलेला नाही.