शेवटचं प्यादं

हिवरा आश्रमाजवळ वांगी-मिरची लावणारे इंद्रभान बोचरे या वयात बुलढाण्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत उतरले, ते रामरावांसाठी. रामरावांनीच त्यांना पारावर खेळ शिकवला होता. आता ते लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. "एक तरी डाव जिंकून ये बे," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

आधीचे डाव इंद्रभान इतक्या झटपट हरले, की काय झालं ते कळलंच नाही. शेवटच्या डावात मात्र नशीब फळफळलं. समोर लोणारच्या शाळेतली संजीवनी. तिच्याकडे उरला राजा आणि एक प्यादं. यांच्याकडे हत्ती, घोडा. हत्तीनं प्यादं उचलायचं, की झालं! पण हात अर्ध्यावरून मागे आला. राजा पार एकटा पाडला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. पारावरचा कायदाच तसा. शिवाय पारावर प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा मिळायचा; आणि हे तर घोड्याच्या पट्टीतलं. शेवटाला पोचलं तरी फार तर घोडा होईल! म्हणून ते निवांत राजाला घेरत बसले.

प्यादं पोचलं. संजीवनीनं तिथं चक्क वजीर ठेवला.

"ओ पंच! घोड्याच्या प्याद्याचा वजीर कसा होईन?"

"पाहिजे तो मोहरा घेता येतो, काका."

वजिरानं शह देता देता हत्ती खाल्ला, मग घोडा. डाव गेला.

"काका, प्यादं हत्तीच्या तोंडात होतं. काऊन नाही मारलं?" संजीवनीनं विचारलं.

"मारलं असतं तं राजा एकटा पडून बुर्जी झाली असती ना, बाई."

तिनं पंचांकडे पाहिलं. त्यांनी हा शब्दच ऐकला नव्हता. ते म्हणाले, "इथं तसं काही नाही, काका. मारलं असतं तं तुम्हीच जिंकत होते."

एसटीत इंद्रभानांचं डोकं भणभणत होतं. मग इतकी वर्षं आपण खेळलो ते काय? राग तरी कोणावर काढायचा? आणि हे अंथरुणावरच्या रामरावांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

रामराव वाटच पाहत होते. वाकड्या तोंडानं त्यांनी पहिलं विचारलं, "बुर्जी तं नाही केली?"

"नाही. शेवटचं प्यादं राखलं."

रामरावांचे डोळे भरून आले. "मंग जिंकलाच तू."

इंद्रभानांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "हाव," म्हणाले.

आपण खोटं बोललो की खरं, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही.