बिनफवारणीचे वाफे

माझ्या धाकट्या भावाला बिल्डिंगमधली माणसं आत्तापासूनच डॉक्टर म्हणतात. कुणाचं पोट दुखलं तरी याच्याकडे येतात, आणि हा शहाणा त्यांना हळूच सांगतो की मी मिरचीवरच्या किडींचा डॉक्टर होणार आहे, तेही झालो तर. त्या ‘झालो तर’ने माझ्या डोक्याला ताप दिलाय. पस्तिशी ओलांडली, केस विरळ झाले, तरी साहेब विद्यार्थीच. राहतो माझ्याकडे, जेवतो माझ्याकडे, माझ्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी याच्या किड्यांच्या बाटल्या, आणि जीव सगळा विद्यापीठाच्या मळ्यात.

प्रयोग म्हणाल तर मलासुद्धा कळला, इतका सरळ. फुलकिडे नावाची डोळ्यांना धड न दिसणारी कीड मिरचीचा रस शोषते, मग पानं आक्रसून वाटीसारखी होतात. निम्म्या वाफ्यांवर औषध फवारायचं, निम्मे तसेच सोडायचे. शेवटी दोन्हीकडची मिरची तोलायची आणि औषधाने किती फरक पडला ते सांगायचं. झालं.

गेल्या हंगामात फरकच निघाला नाही. त्याच्या मार्गदर्शक मॅडम चक्रावल्या. औषध कुचकामी म्हणावं, तर झाडं सगळीच तरारलेली. तेव्हा याने मान खाली घालून कबूल केलं, की सोडलेल्या वाफ्यांवरही आपणच फवारलं. का, तर बघवलं नाही म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला. वर्ष पाण्यात गेलं ते गेलंच, वर मॅडमनी बजावलं की विद्यापीठाने एकच हंगाम वाढवून दिलाय. यंदा बिघडलं तर नाव कमी होणार, आणि इतक्या वर्षांचं शिक्षण गुंडाळून घरी बसायचं.

मग मी पंपच ताब्यात घेतला. पाठीवरचा फवारणीचा पंप माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. फवारणीच्या दिवशी ऑफिसातून रजा काढून मी बांधावर जाऊन बसायचे, आणि औषधाचे वाफे संपले की पंप उचलून घरी. बायका नवऱ्यावर पाळत ठेवतात, मी भावावर ठेवली. एकदा तर महाशय पाण्याच्या बाटलीत औषध घेऊन हाताने शिंपडायला निघाले. एकच झाड, ताई, म्हणे. मी म्हटलं, एक पानसुद्धा नाही, आण ती बाटली इकडे.

सोडलेली झाडं बघता बघता खंगली. शेंडे करपले, फुलं गळली, जी मिरची धरली ती वाकडीतिकडी. हा भिंग घेऊन त्यांच्यापुढे उकिडवा बसायचा, पानं उलटून किडे मोजायचा आणि घरी येऊन ताटावरून तसाच उठायचा. मला असा वैताग यायचा. मी तापाने फणफणले होते तेव्हा याच्या घशाखाली घास बरा उतरत होता.

परवा शेवटची तोडणी झाली. तोलल्यावर फरक डोळ्यांत भरेल इतका निघाला. मॅडमनी आकडे तपासले, म्हणाल्या, छान, आता लिहायला बसा. माझा जीव भांड्यात पडला. पंप परत करायचा म्हणून बरोबरच आणला होता, तो जमा करून आज बाहेरच जेवू असं मी ठरवून टाकलं. हा मात्र जागचा हलेना.

“ताई, आता तरी पंप दे.”

“अरे, उद्या ती झाडं उपटणार आहेत. काय वाचणार आहे त्यात?”

“काही नाही. माहितीये मला.”

वेडा झालायस का, असं अगदी ओठांवर आलं होतं. तरी दिला पंप. त्याने औषध कालवलं, पट्टे खांद्यावर चढवले आणि त्या वाळक्या काड्यांवर, उरलंसुरलं एकेक पान उलटून, खालून-वरून नीट फवारत गेला. मॅडम गाडीशी थांबून बघत होत्या. शेवटचा वाफा उरला आणि पंप रिकामा झाला. मला इतका राग आला होता की चांगलं सुनवायला म्हणून तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मग नळावर गेले आणि त्याला बादली भरून आणून दिली.