जिन्यावरच्या चपला

मोठा फ्लॅट विकून आम्ही दोन खोल्यांच्या घरात आलो, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने बायकोला विचारलं, “वहिनी, आता हळदीकुंकू कुठे करणार, फ्रिजवर?” बायको हसली, पण संक्रांत जवळ आली तशी तिची झोप उडाली.

आज मी, घराबाहेर काढलेला यजमान, जिन्यात उभा राहून चपला बघतोय. आमच्या दारापासून निघालेली रांग दोन मजले उतरून गेली आहे. आत जागा संपली तसं समोरच्या काकूंनी त्यांचं दार उघडलं, मग शेजारच्या सूनबाईंनी. अत्तराचा वास आता तीन घरांतून फिरतोय. जुन्या हॉलमध्ये बायका सोफ्यांवर दूरदूर बसून घड्याळ बघायच्या. इथे मांडीला मांडी लागलीय आणि कुणी उठायला तयार नाही. घर लहान झालं की ते दाराबाहेर वाढायला लागतं, हे मला पन्नाशीत कळलं.

सगळ्यांत शेवटी बहीण आली, अनवाणी, धापा टाकत.

“चपला कुठे गं?”

“तळमजल्यावर. वर जागाच नाही, दादा.”

मी कमरेत वाकून तिला दार दाखवलं. “जा आत. फ्रिजवर तुझी जागा राखून ठेवलीय.”