हिरव्या काखा

पांढऱ्या सदऱ्याच्या काखा नुसत्या घामानेच पिवळ्या होतात, असं मी परवापर्यंत समजत होते. माझी शाळा चौथीपर्यंतची. तिथे हा धडा नव्हता.

आमचे मालक इथल्याच एका शाळेत शिपाई होते. सव्वीस जानेवारीला झेंड्याची घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारून झेंडा वर चढवायचा, हे तीस वर्षं त्यांचं काम. दोरी ओढायचा मान मात्र कुणातरी पाहुण्याचा. पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या, की हे खराटा घेऊन झाडायला मोकळे. यंदा मोठ्या बाई स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "मामा, या वेळी दोरी तुम्ही ओढायची."

बाई गेल्यावर माणूस लागोपाठ दोन कप चहा प्यायला. मग निवृत्त होताना शाळेने दिलेला पांढरा सदरा त्यांनी कपाटातून काढला, अंगात घातला, आरशासमोर हात वर केले आणि तसेच उभे राहिले. दोन्ही काखांत पिवळे नकाशे.

"आगं, हे काय? दोरी वढताना समदी शाळा माझ्या काखा बघंल की!"

"दुसरा सदरा घाला."

"न्हाय. ह्योच घालणार."

हातात तीन दिवस होते. मी दुकानातून कपड्यांचं ब्लीच आणलं. बाटलीवर एक झाकण लिहिलेलं असलं तर तीन घालायची, ही माझी जुनी खोड. सकाळी बघते तर डाग हळदीसारखा उठून दिसत होता. पांढऱ्या कपड्यावर शेवटचा इलाज म्हणजे नीळ, हे मला आईने शिकवलेलं. सदरा चांगला खळबळून घेतला आणि नीळ बादलीत न टाकता थेट काखांत ओतली. पिवळ्यावर निळं पडलं की काय होतं, ते बालवाडीतली पोरंसुद्धा सांगतील. मला दोरीवर वाळत घातल्यावर दिसलं.

मालक दोरीपाशी येऊन थांबले. "पांढरा हुताच, हिरवा झाला. आता गळ्याला केशरी लाव आन मलाच खांबावर चढीव."

कॉलेजला जाणारी नात हसून हसून पायरीवर बसली. "आज्जी, ब्लीचनं हा डाग आणखी पिवळा हुतोय. आणि हा नुसता घाम न्हाय. आजोबा माझा काखेत मारायचा स्प्रे चोरून मारत्यात. त्यो आणि घाम मिळून हा डाग झालाय."

मालक एकदम पेरूच्या झाडाकडे बघायला लागले.

"ह्या वयात कुणासाठी वास मारताय?" मी विचारलं.

"कट्ट्यावरचे म्हातारे घाण मारत्यात. म्या न्हाय मारत."

नातीने सांगितलं तसं मग केलं. खाण्याचा सोडा आणि भांडी घासायचा पातळ साबण कालवून दोन्ही काखांना लेप दिला, तासाभराने जुन्या दातांच्या ब्रशने हळूहळू घासलं, स्वच्छ पाण्यातून काढून उलटा करून उन्हात टाकला. हिरवं गेलं. पिवळं निम्मं राहिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. डाग असताना इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर पक्का बसतो, म्हणून मालक इस्त्रीवाल्याकडे निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. शेवटी नखाएवढी फिकट कड उरली.

तेवढ्यासाठी माणूस कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून कोपर अंगाशी चिकटवून ओढायचा सराव करत होता. खुराड्यातली कोंबडी बरी दिसेल.

सव्वीसला मी नातीबरोबर पोरांच्या मागे उभी होते. मालकांनी कोपर आवळून दोरी ओढली. गाठ सुटेना. परत ओढली. नव्या शिपायाने भीतीपोटी दुहेरी गाठ मारली असणार. पोरं कुजबुजायला लागली, मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. मालकांनी वर बघितलं, गाठ ओळखली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दोरी धरली आणि बाजूला असा एक हिसका दिला की पाकळ्या भसकन खाली आल्या.

सगळी शाळा वर झेंड्याकडे बघत होती. काखांकडे मी एकटी. कड दिसली नाही. माझ्या चष्म्याचा भरवसा नाही, पण दिसली नाही.

राष्ट्रगीत झालं, टाळ्या झाल्या आणि मालक सवयीने भिंतीला टेकवलेल्या खराट्याकडे निघाले. मी लांबूनच ओरडले, "ठिवा त्यो खराटा! सदरा मळंल!"

घरी आल्याआल्या सदरा काढून घेतला आणि पाण्यात टाकला. घामाचा सदरा खुंटीवर तीन दिवस लटकवायचं आता बंद. नातीचा स्प्रे कुलपात आहे. मालकांसाठी घाम टिपायला बाह्यांचे दोन बनियन आणलेत.

"आन उन्हाळ्यात बी आतनं बनियन?" ते म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी कोंबडी व्हा," मी म्हटलं.