माझं सहाचं जेवण आणि भुऱ्याचं नवाचं

एका दिवाळीच्या आधी मी वजन कमी करायला घेतलं आणि आमचा कुत्रा जाड झाला.

हे वाचून कोणाला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं होतं खरंच, पण तेव्हा मी म्हातारी नव्हते. बावीस वर्षांची होते. (अक्कल बाराव्या वर्षी जी थांबली होती, ती अजून पुढे निघायची होती!)

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. माझं माहेर कारध्याचं, सासर दिघोरीचं, आणि नवरा चिखल्याच्या खदानीत. म्हणजे मी जिल्ह्याच्या एका टोकाला धान निवडत बसलेली, आणि हे दुसऱ्या टोकाला जमिनीच्या पोटात दगड फोडत असलेले. मधे तीन बस आणि अख्खा भंडारा जिल्हा! खदानीच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, की मला घेऊन जाणार होते. आमच्याकडे त्याला काटर म्हणत. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि काटर काही मिळत नव्हतं.

महिन्याकाठी एकदा हे येत, तेही शेवटच्या बसने. तोवर घर जेवून मोकळं झालेलं असे. सासूबाई (मी त्यांना मामीजी म्हणायची) लेकाच्या भातावर तुपाची धार धरत आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन पडत. मग चुलीपाशी आम्ही दोघं आणि एक ताट. दिवसभर मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, हे माझ्याशी एक शब्द बोलत नसत; पण त्या ताटावर बसले, की यांना वाचा फुटे! खदानीत पाणी कसं ठिबकतं, दिव्याच्या उजेडात माणसाचे दातच तेवढे कसे दिसतात, कोण कोणाला काय म्हणालं. अर्धा-पाऊण तास. माझा संसार म्हणजे तेवढाच. बाकीचे एकोणतीस दिवस मी त्याच्यावर काढायची.

त्या वर्षी पोळ्याला हे आले आणि परत जाताना बसची वाट पाहता पाहता, भर दिवसा, चार लोकांत, माझ्याकडे बघून म्हणाले, "भरली हायस तू जराशी."

बस आली. हे गेले. धूळ बसली. मी तिथेच उभी!

भरली म्हणजे काय? जाडी झाली म्हणतात का हे? आणि कॉलनीतल्या बाया म्हणे नायलॉनच्या साड्या नेसतात. नायलॉन काही झाकत नाही! काटर मिळालं आणि हे म्हणाले, 'राहू दे तिले दिघोरीतच,' तर?

नेमकी त्याच वेळी माझी थोरली नणंद कमलताई नागपूरहून माहेरपणाला आली होती. तिला नागपूरला दिल्यामुळे जगातलं सगळं ठाऊक असे. तिला गाठलं.

"ताई, मानूस बारीक कसा होते वो?"

"दिवस बुडाल्यावर खायचं नाही, वहिनी. सूर्य गेला की पोट दुकान बंद करते. मग जे आत टाकशील ते तसंच पडून राहते."

"कुठं पडून राहते?"

कमलताईने बोट दाखवलं. कुठे, ते मी लिहीत नाही. माझी नातवंडं हे वाचतील.

उपाय सोपा होता, फक्त आमच्या घरात तो करता येण्यासारखा नव्हता. आमच्याकडे आधी गडीमाणसं जेवणार, मग पोरंसोरं, मग मामीजी आणि सगळ्यात शेवटी सून. नवाच्या आत माझ्या तोंडात शीत जायचं नाही. सून घरधन्याच्या आधी जेवली, हे गावात कळलं असतं तर माझ्या माहेरच्या चार पिढ्यांचा उद्धार झाला असता!

म्हणून मी चोरून जेवायला लागले. संध्याकाळचा भात उतरला, की सहा वाजता वाटीभर वरण, भाताचा डोंगर आणि वांग्याची भाजी घेऊन मी धानाच्या ढोलीमागे जायची. ढोली म्हणजे बांबूची पुरुषभर उंच कणगी. तिच्यामागे हत्ती जेवला तरी दिसला नसता. (आणि प्रयोग तसाच चालला होता.) रात्रभर पुरायचं म्हणून दोन घास जास्तच खायची.

"कारधेवाली," मामीजी म्हणायच्या (सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची आमची रीत), "तुह्या केसात रोज तूस कुठून येते वो?"

"वाऱ्यानं, मामीजी."

"घरातल्या घरात?"

नऊ वाजता खरी परीक्षा. मामीजी समोर बसून ताट वाढत. भूक नाही म्हणावं, तर त्या पोटावर हिंगाचा लेप घालायला धावत. मग मी चार घास दिखाव्याला खायची आणि बाकीचं हळूच पदरात. आंचवायला मागच्या दारी गेलं, की तिथे भुऱ्या बसलेला असे. आमचा राखणीचा कुत्रा. पदर झटकायचा, भुऱ्याने चाटायचा. सगळं कसं बिनआवाजी!

पण मी एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. पोळ्यानंतर दिवस लहान होत जातो. सूर्य लवकर बुडायला लागला तसं माझं जेवणही मागे मागे सरकलं. सहाचं पावणेसहा झालं, पावणेसहाचं साडेपाच. दसऱ्यानंतर तर माझं रात्रीचं जेवण दुपारच्या जेवणाला जाऊन भिडलं! साडेपाचला जेवलेल्या बाईला नऊ वाजता भूक लागणार नाही तर काय होईल? दिखाव्याच्या चार घासांचे आठ झाले. पोपटाच्या (म्हणजे वालाच्या) शेंगांची भाजी असली, की भुऱ्याला नुसताच पदर चाटावा लागे.

व्रत धरून महिना झाला, तेव्हा मामीजींसोबत बैलबंडीतून धान कांडायला गिरणीवर गेले. मामीजी कोंड्यावरून भांडायला आत गेल्या, तशी मी पटकन काट्यावर चढले. व्रताच्या आधीही मी असंच वजन करून घेतलं होतं. तेव्हा काट्यावरचा दादाजी म्हणाला होता, धानाच्या चुंगडीला, म्हणजे पोत्याला, पंधरा किलो कमी. आता त्याने वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली.

"दहाच कमी हाय बाई आतं. चांगलं पीक हाय औंदा."

मी बंडीत बसून रडले. मामीजींना वाटलं, मला माहेरची आठवण आली. त्यांनी मला घरी नेऊन खीर खाऊ घातली. रात्री नऊ वाजता!

तिकडे भुऱ्याची गत माझ्याहून वाईट. रोज नवाला भरपेट भात, त्यावर झोप. मामाजींबरोबर शेतावर जायचं त्याने सोडलं. बांधापर्यंत जायचा, बसायचा, परत यायचा. रानडुकरांना हा निरोप पोचायला वेळ लागला नाही. एका रात्रीत त्यांनी तळ्याकडच्या बांधीतला (म्हणजे खाचरातला) निसवलेला धान लोळवून टाकला. मामाजी सुनेशी थेट बोलत नसत. ते भिंतीला सांगत आणि मी ऐकायचं.

"कुत्रा सुस्तावला," मामाजी भिंतीला म्हणाले. "अशक्तपणा असन. त्याले रात्री दूधभात देत जा म्हणा."

हुकूम तो हुकूम! आता भुऱ्याला माझ्या पदरातलं, वर दूधभात. दिवाळीपर्यंत तो दारात मावेना. कमलताईचं शास्त्र मात्र मला तंतोतंत पटलं. रात्रीचं खाणारा पाहा कसा फुगलाय!

पोळ्यापासून यांना घरी यायला सुट्टीच मिळाली नव्हती. मग पत्र आलं. मामाजींच्या नावाने, पण घरात अक्षर मलाच लागे, त्यामुळे वाचायची मीच. ख्यालीखुशाली मोठ्याने वाचली. शेवटची ओळ मनात वाचली: 'काटरचं होत आलं. मंडईले येतो. सोबत जेवू.'

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीजावयांनी घरं उतू जातात, रात्री नाटक असतं. त्या दिवशी अंगणात पाहुणेच पाहुणे. मी ठरवलं, आज शेवटचा दिवस, व्रत मोडायचं नाही. साडेपाचला जेवायचं आणि यांच्या ताटात नुसता हात बुडवायचा. जेवले. शेवटच्या बसची वेळ आठची. बस आलीच नाही. साडेआठ वाजले, नऊ वाजले.

"नाही आला," मामीजी म्हणाल्या. त्यांनी तुपाचं भांडं परत फळीवर ठेवलं. "वाट पाहून कोनाचं पोट भरते? बस जेवाले."

ताट समोर आलं. पोपटाची भाजी होती, आणि मला एक घास गिळवेना. सगळंच्या सगळं पदरात गुंडाळून मी मागच्या दाराकडे निघाले, तोच पुढच्या अंगणात गलका. "आला! आला!"

बस वाटेत पंक्चर झाली होती. हे दोन-अडीच कोस पायी आले होते. मामीजी ओरडल्या, "कारधेवाली, पाय धुवाले पानी आन!"

एका हातात लोटा, एका हातात पदर, समोर वीस पाहुणे. मी वाकले. लोटा दोन्ही हातांनी द्यायचा असतो. मी दिला!

भात, वरण, पोपटाच्या शेंगा, सगळा स्वयंपाक यांच्या पायांवर! मी 'अगं बाई' म्हणेपर्यंत घरामागून भुऱ्या आला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो धावत होता आणि जमीन हादरत होती. त्याने यांच्या पायांवर झडप घातली. हे ओरडले आणि उडी मारून मामाजींच्या खाटेवर चढले. खाटेची सुतळी दोन माणसांची नव्हती. मामाजी आतून जमिनीवर गेले, खाटेची चौकट तशीच वर राहिली.

"हे काय होय?" हे म्हणाले. "वासरू होय का आपला भुऱ्या?"

"पह्यले हे सांग," मामाजी खाटेतून म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला नाही, मला म्हणाले, "पदरात भात कायचा व्हता, सूनबाई?"

सांगावं लागलं. वीस पाहुण्यांसमोर सगळं सांगावं लागलं. ढोली, साडेपाच, नऊ, भुऱ्या.

मामीजींनी बोटांवर मोजलं. "म्हंजे उजेडात एक जेवन, अंधारात एक जेवन, अन् कुत्र्याचं तिसरं! बारीक होऊन राहिली म्हने!"

अंगण हसून हसून लोळलं. एकटे हे हसले नाहीत. पायावरचा भात झाडत हळूच म्हणाले, "म्हंजे तू जेवून घेत होती. माह्या आधी." मग आणखी हळू, "मी तुमसरहून पानीबी नाही पेलो."

बाई गं! गिरणीच्या काट्यावर वाटलं नव्हतं, इतकं जड मला तेव्हा वाटलं. माझ्या त्या अर्ध्या तासापायी मी दोन महिने उपास (म्हणजे दुप्पट जेवण) केला होता, आणि तो अर्धा तास मीच ढोलीमागे खाऊन बसले होते.

मामीजी उठल्या. त्यांनी ताट वाढलं, तुपाची धार धरली आणि भर पाहुण्यांत मला म्हणाल्या, "बस त्याच्यासंगं. अन् तुमी काय पाहून राहिले गा? नाटकाले जा सारे!"

मग चुलीपाशी आम्ही दोघं. पहिले चार घास यांनी ताटाकडे बघतच खाल्ले. शेवटी मीच म्हटलं, "तुमीच तर म्हटलं होतं, भरली हायस."

यांनी हातातला घास खाली ठेवला. "अवो, ते तारीफ होती! तीन वर्षं काडीवानी होती तू. बरं दिसलं म्हून बोललो. खदानीत चार जनाले सांगितलंबी."

मी त्या रात्रीचं दुसरं जेवण जेवले. कधी नव्हे इतकं गोड लागलं.

"काटर भेटलं," हे म्हणाले. "दोन खोल्या. पन माही पाळी दुपारची हाय. घरी याले साडेअकरा वाजतेत. तू आपली सहाले जेवून घेत जा."

"कायले?" मी म्हटलं. "दुकान उघडं ठेवीन मी."

दुकानाचं यांना काही कळलं नाही, पण हसले.

चिखल्याला आम्ही बावीस वर्षं काढली. साडेअकराला सायकलची घंटा वाजायची, मी भात गरम करायची. एकच ताट, एकच भाजी, एकच वेळ. आता हे नाहीत. सून माझ्या तब्येतीसाठी सातच्या आत ताट समोर आणते. दहा मिनिटांत माझं जेवण होतं. घंटा तेवढी वाजत नाही, आणि कान आपले साडेअकरापर्यंत जागेच.

परवा सुनेने विचारलं, "आई, रात्री उशिरा जेवल्यानं खरंच वजन वाढतं का हो?" आता काय सांगू? बावीस वर्षं एकाच ताटात, एकाच वेळी दोघं जेवलो. ते शेवटपर्यंत काडी राहिले आणि मी ढोली झाले! दोष रात्रीचा नव्हे. त्या ताटावर ते बोलत होते आणि मी ऐकत होते. आणि ऐकणाऱ्याचं तोंड खायला मोकळं असतं!